आजी-आजोबा राहायला येणार? लहानग्याचा स्वभाव ओळखून करायची तयारी

मे महिना लागला की कोकणातली घरं माणसांनी भरतात. मुंबईहून चाकरमानी येतात, आणि नोकरीपायी किनाऱ्यावर स्थायिक झालेल्या आमच्यासारख्यांकडे आई-वडील नातवंडांना भेटायला येतात. आम्ही रत्नागिरीत राहतो. माझे आई-बाबा सांगलीहून आंबा घाट उतरून येतात, सासू-सासरे देवगडहून आंब्याच्या पेट्या घेऊन. लेकीला दोन वर्षं पूर्ण झाली आहेत. या वयात मूल आठवड्या-आठवड्याला बदलतं आणि आजीच्या डोळ्यांसमोर मात्र मागच्या खेपेचं बाळ असतं. पहिल्या दिवसाच्या रडारडीचं मूळ बहुतेकदा इथेच असतं. प्रेमात कुणीच कमी पडत नाही. मुलाला नव्याने ओळख करून घ्यायला वेळ हवा असतो, तो मिळत नाही.

दीड ते तीन वर्षांचं मूल घरात असेल आणि आजी-आजोबा आठवडाभर किंवा जास्त राहायला येणार असतील, तर पुढची तयारी उपयोगी पडेल.

१. आधी मूल कसं आहे ते पाहून ठेवा

न्यूयॉर्कमध्ये १९५६ साली अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने मुलांच्या उपजत स्वभावाचा दीर्घकाळ चाललेला अभ्यास सुरू केला. त्यांनी स्वभावाची नऊ अंगं मांडली: चळवळेपणा, भूक-झोपेचा नियमितपणा, नव्या गोष्टीकडे जाणं की मागे सरणं, बदलाशी जुळवून घेणं, आवाज-स्पर्श किती लवकर टोचतो, भावनांचा जोर, एकूण मूड, लक्ष किती चटकन विचलित होतं आणि चिकाटी. त्यांच्या पाहणीत साधारण ४० टक्के मुलं सहज रुळणारी होती, १५ टक्के हळूहळू रुळणारी, १० टक्के सांभाळायला अवघड आणि उरलेली ३५ टक्के यांतल्या कुठल्याच गटात नीट न बसणारी. त्यांचा सगळ्यात कामाचा मुद्दा असा की कुठलाही स्वभाव मुळात वाईट नसतो. मूल आणि भोवतालच्या माणसांच्या अपेक्षा यांचा मेळ बसला की तेच मूल फुलतं.

पाहुणे येण्याआधीचा एक आठवडा मुलाकडे या नजरेने बघा. शेजारच्या काकू दारात आल्या की ते पुढे जातं की तुमच्या पायामागे लपतं? लपलं तर किती वेळाने बाहेर येतं? मिक्सर लागला की कान झाकतं का? खेळ थांबवून जेवायला बोलावलं की आकांडतांडव होतं का? भूक आणि झोप घड्याळ लावल्यासारखी येते की रोज वेगळी? उत्तरं मोबाइलमध्ये लिहून ठेवा, पुढच्या पायरीला लागतील.

आमची लेक हळू रुळणाऱ्यांतली. आधी दुरून सगळं निरखते, मग जवळ येते, आणि एकदा आली की हलत नाही. हे आधी माहीत असलं की लपणाऱ्या मुलाला कुणी ‘लाजाळू’ म्हणत नाही. हा शिक्का मुलाच्या देखत मारूच नका. दोन वर्षांच्या मुलाला आपण बोलतो त्याहून कितीतरी जास्त समजत असतं.

आणखी एक गोष्ट या वयातच घडते. नाकाला नकळत लाल रंगाचा ठिपका लावून मुलाला आरशासमोर उभं करायचं, अशी एक चाचणी १९७२ साली प्रसिद्ध झाली. त्यात दीड ते दोन वर्षांच्या सुमारास बरीचशी मुलं आरशातल्या ठिपक्याऐवजी स्वतःच्या नाकाला हात लावू लागतात असं दिसलं. आपण इतरांहून वेगळे कुणीतरी आहोत, हे त्यांना उमगायला लागलेलं असतं. ‘माझं’, ‘नको’, ‘मी कलनाल’ यांचा मारा याच सुमारास सुरू होतो. म्हणून नात आजीला ‘नको, जा’ म्हणाली तर ती आजीला नाकारत नसते. तिला नुकताच सापडलेला नकार ती वापरून पाहत असते. आजीला हे आधी सांगितलं तर मनाला लागत नाही. न सांगितलं तर आजी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसते, आणि ते बघणं फार जड जातं.

२. फोनवरची तयारी: ज्याचे आई-वडील, त्याने बोलायचं

दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको, पण नातलगांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालतो, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे. येण्याआधीचे दोन आठवडे एक दिवसाआड पाच मिनिटांचा कॉल ठेवा. ‘बोल ना आजीशी, पापा दे’ असं करू नका. दोन्हीकडे एकच काम चालू असू दे: इकडे मूल केळं खातंय, तिकडे आजोबा केळं खातायत. चेहरा, आवाज आणि एखादा ठरलेला खेळ ओळखीचा झाला की पुष्कळ झालं. टोपी डोळ्यांवर ओढून ‘कुठे गेले आजोबा?’ एवढाही खेळ पुरतो. फ्रिजवर मुलाच्या उंचीला त्यांचा एक फोटो लावून ठेवा.

मग मोठ्यांशी बोलणं. सासरच्यांना सुनेने ‘असं करू नका’ सांगितलं की शब्द कितीही मऊ असले तरी टोचतात. म्हणून आमच्याकडे देवगडला नवरा बोलतो आणि सांगलीला मी. सांगायच्या गोष्टी तीनच ठेवा, यादी लांबली की कुणी ऐकत नाही:

- आल्या-आल्या उचलून घेऊ नका, ती आपणहून येईल.
- पापा, मिठी नको म्हणाली तर सोडून द्या, थोड्या वेळाने ती स्वतः देईल.
- ती सध्या काय खाते, कधी झोपते आणि कशाला घाबरते ते हे असं आहे.

तिसऱ्या मुद्द्यात आठवडाभराच्या नोंदी कामी येतात. ‘तिला कुकरच्या शिट्टीची भीती वाटते, शिट्टी व्हायच्या आधी सांगितलं की ठीक असते’ हे एवढं नेमकं सांगितलं की आजीला सूचना मिळाल्यासारखं वाटत नाही. नातीचं एक गुपित हाती आल्यासारखं वाटतं.

३. घर: आजी-आजोबांच्या पिशवीपासून विहिरीपर्यंत

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण इथली चूक भरून निघत नाही.

पहिली गोष्ट औषधं. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या उशीखाली, पर्समध्ये किंवा वारांच्या खणांच्या डबीत असतात. ती डबी लहान मुलाला सहज उघडते. मधुमेहाची काही औषधं अशी आहेत की एखादी गोळीसुद्धा लहान मुलाची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकते. पाहुणे आल्यावर चहाच्या आधी एका उंच, कडीच्या कपाटात त्यांच्या औषधांची जागा करा आणि गोळ्या घ्यायची आठवण तुम्ही करून द्या. त्यांना ती काळजी वाटते, आणि खरोखरच काळजी असते.

देवघरातला कापूर तितकाच महत्त्वाचा. तो साखरेसारखा दिसतो, आणि थोडासा पोटात गेला तरी लहान मुलाला काही मिनिटांत झटके येऊ शकतात. कपड्यांतल्या डांबराच्या गोळ्यांचंही तसंच. मूल शांत झोपावं म्हणून जायफळ उगाळून देण्याची पद्धत अजून आहे. प्रमाण चुकलं तर तेही बाधतं, म्हणून देऊ नका. काजळ डोळ्यांत नको, पण दृष्ट लागू नये म्हणून आजीला गालावर तीट लावायची असेल तर खुशाल लावू द्या. जिथे अपाय नाही तिथे आजीचं मन राखावं.

आता खास आपल्याकडचं. विहिरीला कठडा असला तरी वर जाळी हवी. न्हाणीघरातली भरलेली बादली आणि अंगणातलं पाण्याचं टीप रिकामं किंवा झाकलेलं ठेवा, कारण लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं. विळी काम झाल्याबरोबर मिटून वर. ओल्या काजूच्या बिया अंगणात पसरल्या असतील तर मुलाला लांब ठेवा, टरफलातल्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात. आंब्याच्या देठाचा चीकही तोंडाजवळ लागला की चट्टे पडतात, म्हणून आंबा आधी धुऊन, देठ काढून, चीक गळू देऊन मगच मुलाच्या हाती.

चिऱ्यांच्या फटीत, लाकडांच्या ढिगात, बाहेर राहिलेल्या चपलेत विंचू असतो. आजोबांना चपला झटकून घालायची आठवण करा आणि मुलाला अंधारात अनवाणी सोडू नका. विंचू चावल्यावर मुलाला दरदरून घाम, उलट्या किंवा हातपाय गार पडणं असं काही दिसलं तर हृदयाला धोका असू शकतो. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाने असे रुग्ण वाचतात हे दाखवून दिलं, आणि कोकणात या उपचाराने पुष्कळ जीव वाचले. त्यामुळे मंत्र, पाला, बांधणं यात वेळ घालवू नका, लक्षणं दिसायची वाटही बघू नका. १०८ला फोन करा आणि तडक रुग्णालय गाठा. हा नंबर मोठ्या आकड्यांत लिहून फोनजवळ चिकटवा, आजोबांना चष्म्याशिवाय दिसेल इतका मोठा.

४. पहिला तास

गाडी दारात थांबली की सगळ्यांना एकदम बोलायचं असतं. तेवढ्यापुरता आवर घालावा लागतो. मूल तुमच्या कडेवर असू दे आणि पुढे होऊन तुम्ही आधी नमस्कार करा, हसून बोला. मूल तुमच्या चेहऱ्याकडे बघत असतं. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वर्षाच्या बाळांना काचेच्या टेबलावर ठेवलं होतं, जिथे पुढे एकदम खाली खोलगट असल्याचा भास होत होता. पलीकडे आई हसऱ्या चेहऱ्याने उभी राहिली तेव्हा १९ पैकी १४ बाळं ओलांडून गेली. आईने भीतीचा चेहरा केला तेव्हा एकही गेलं नाही. नव्या माणसाबाबत मूल हेच करतं. सासूबाई आल्यावर तुमच्या कपाळावर आठी असेल तर नातही जवळ जाणार नाही.

मग आजी-आजोबांनी बसायचं, शक्यतो जमिनीवर, आणि मुलाकडे टक लावून न बघता काहीतरी करत राहायचं. माझे बाबा मागच्या खेपेला पडवीत मांडी घालून बसले आणि पिशवीतले स्टीलचे डबे एकेक काढून त्यांनी ओळीने मांडले. झाकणं वेगळी, डबे वेगळे. एकेक झाकण लावायचे, मुद्दाम चुकीचं लावायचे, ते वाजायचं, मग काढायचे. तोंडाने एक शब्द नाही. लेक खांबामागून बघत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. ती दोन पावलं पुढे आली, थांबली, बोटाने योग्य डबा दाखवला. बाबांनी झाकण तिच्यासमोर सरकवलं, हातात दिलं नाही. तिने ते उचलून डब्यावर दाबलं आणि मोठ्याने म्हणाली, “अशं!” त्यानंतर ती त्यांच्या मांडीवर कधी जाऊन बसली ते मलाही कळलं नाही. देवगडच्या आमच्या आईंना तर हे सांगावंच लागत नाही. कुणी नातीला पुढे ढकलायला लागलं की त्या म्हणतात, “रवांदे, येतला ता आपणहून.”

सहज रुळणारं मूल असेल तर ते दारातच आजोबांच्या गळ्यात पडेल, तेव्हा अडवू नका. चळवळ्या मुलाला मात्र आल्या-आल्या आजोबांच्या चष्म्यावर झडप घालू न देता दहा मिनिटं अंगणात पळू द्या. पहिला तास भेटवस्तूंचा करू नका. खेळणी दुसऱ्या दिवशी काढली तरी चालतात, आणि ती एकावेळी एकच.

५. प्रत्येकाला मुलासोबतचं एक ठरलेलं काम

नातं दिवसभरच्या कौतुकापेक्षा रोज त्याच वेळी घडणाऱ्या छोट्या कामातून जास्त घट्ट होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रत्येक आजी-आजोबाला एक काम द्या, आणि त्या वेळी तुम्ही तिथून बाजूला व्हा. अंघोळ, कपडे बदलणं, झोपवणं ही जवळिकीची कामं लगेच देऊ नका. मूल आपण होऊन हात धरायला लागलं की मग.

आमच्याकडे चाललेली काही कामं: सकाळी पूजेची फुलं काढायला आजोबांबरोबर परडी घेऊन जाणं. लाल जास्वंद तिची, पांढरी त्यांची. दुपारी आजीने सोललेल्या लसणाची सालं गोळा करणं. तुळशीला पाणी घालणं, तांब्या तिचाच हवा. घावन घालताना पीठ ढवळणं, तवा तापायच्या आधी. संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर होड्या बघायला जाणं. पावसात बाहेर पडता आलं नाही तर झाडगावचं मत्स्यालय आहे. तिथला देवमाशाचा सांगाडा बघून आजोबा आणि नात दोघं सारखेच थक्क होतात.

गुडघे दुखणाऱ्या आजीला मागे पळायचं काम देऊ नका. बसून सांगायच्या काऊ-चिऊच्या गोष्टी, हातावर बोट फिरवत म्हणायची बडबडगाणी, बटणं लावणं ही तिची. तीच गोष्ट रोज दहा वेळा सांगायला आजी कंटाळत नाही, आणि या वयाच्या मुलाला तीच दहा वेळा हवी असते.

६. खाणं

वाद बहुतेक इथेच होतात. दोन वर्षांपर्यंत वरून घातलेली साखर नको, एवढी एक रेघ ठरवा आणि ती आधी सांगा. हापूस, केळं, फणसाचे गरे आहेतच, गोडाची आजीची हौस त्यातून भागते. गरा आठळी काढून, बारीक तुकडे करून द्या. अख्खे शेंगदाणे, चणे, काजू, द्राक्षं आणि बियांसकट करवंदं-जांभळं या वयाला देऊ नका, ती श्वासनळीत अडकतात. ताडगोळा मऊ असला तरी निसरडा असतो, तो चिरूनच. मासा द्यायला हरकत नाही, पण काटे बोटांनी चाचपून काढलेला, आणि ते काम एकाच माणसाकडे.

सकाळची पेज, मऊभात-तूप, नाचणीचं सत्त्व या आजीच्याच पाककृती आहेत. त्या तिच्याकडून नीट शिकून घ्या. मात्र किती खायचं ते मुलावर सोडा. काय आणि कधी हे मोठ्यांनी ठरवायचं, किती हे मुलाने. ताट संपवलंच पाहिजे म्हणून मागे धावणारी आजी असेल तर तिला म्हणा, “आई, आज तुम्ही तिच्या शेजारी बसून तुमचं जेवा ना, तुमचं बघून ती जास्त खाते.” हे खरंही आहे.

७. हट्ट झाला की एकच आवाज

मूल जमिनीवर लोळायला लागलं आणि भोवती चार मोठी माणसं असली की चार सल्ले येतात. मुलाला त्यातून एवढंच कळतं की कुणीतरी बधेल. घरात ठरवा: हट्टाच्या वेळी जो जवळ असेल त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी आपापलं काम करायचं. मतभेद असला तर मूल झोपल्यावर बोलायचं. ‘बाऊ येईल’, ‘पोलीस नेतील’ अशी भीती घालायची नाही, हे मी दोन्ही घरी ठामपणे सांगते. हळव्या स्वभावाच्या मुलाला ती भीती रात्री झोपेत छळते.

हट्टामागे पुष्कळदा थकवा असतो. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून ११ ते १४ तास झोप लागते. पाहुणे, गाठीभेटी, फिरणं यात दुपारची झोप बुडाली की संध्याकाळ रडण्यात जाते. त्या दोन तासांत आजी-आजोबांनाही पडू द्या. ते स्वतःहून ‘दमलो’ म्हणणार नाहीत.

८. समुद्रावर जाताना

सांगलीसारख्या ठिकाणाहून आलेल्या आजोबांना समुद्राची सवय नसते आणि उत्साह मोठा असतो. म्हणून पाण्याजवळ मूल आणि आजोबा असे दोघेच कधीही सोडू नका. पोहता येणारा, मजबूत पायांचा एक माणूस फक्त मुलासाठी हवा, आणि त्याच्या हातात मोबाइल नको. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा काल चार वाजता ओहोटी होती म्हणून आजही तेव्हाच असेल असं धरू नका. किनाऱ्यावरच्या कोळ्यांना विचारा. गणपतीपुळ्याला किनारा सुरेख असला तरी पाणी फसवं आहे, तिथे मुलाला वाळूतच खेळवा. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा खवळलेल्या समुद्राजवळ लहान मुलाला नेऊ नये.

लाटेला घाबरणारं मूल असेल तर ओढून नेऊ नका. आजोबांनी कोरड्या वाळूत खड्डा खणावा, त्यात तांब्याने पाणी ओतावं. समुद्र असा थोडाथोडा जवळ येऊ द्यावा.

९. निरोप, आणि त्यानंतर

मूल रडेल म्हणून ते झोपलेलं असताना निघून जाण्याची पद्धत अनेक घरांत आहे. ती टाळा. उठल्यावर आजी नाही हे पाहून मूल पुढचे कित्येक दिवस तुम्हालाही डोळ्यांआड होऊ देत नाही. आदल्या दिवसापासून सांगा: “उद्या नाश्ता झाला की आजी गाडीत बसणार, आपण टाटा करणार.” बॅग भरताना मुलाला एक वस्तू ठेवू द्या. दारात रडलं तर रडू द्या, कडेवर घ्या, ‘आजीची आठवण येतेय ना’ एवढंच म्हणा.

सकाळची फुलांची परडी आणि आजोबांचा डबा-झाकणाचा खेळ पुढचे काही दिवस त्याच वेळी चालू ठेवा. फोन त्याच वेळेला लावा. मूल बोललं नाही तर फोन स्पीकरवर ठेवून त्याला खेळू द्या आणि आजीला सांगा की मूल ऐकतंय. पुढच्या भेटीआधी पहिल्या पायरीच्या नोंदी पुन्हा नव्याने करा. तीन महिन्यांत कुकरच्या शिट्टीची भीती गेलेली असेल, कदाचित त्या जागी कुत्र्याची आली असेल, आणि हे देवगडला आणि सांगलीला गाडीत बसण्याआधी कळायला हवं.